बारा व्होल्टचा जावई

आमच्या घरात मुलीच्या लग्नाआधीच जावई आला. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षात होते, स्थळंबिळं कुणाच्या डोक्यातही नव्हती, आणि एका रविवारी सकाळी बंगळूरमधल्या जयनगरच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीतल्या टेबलावर, इस्त्री केलेल्या पांढऱ्या कापडावर तो येऊन बसला. काळा, चपटा, एखाद्या जाड कादंबरीएवढा. पुढे केशरी प्रकाशाची छोटीशी खिडकी, दोन गोल बटणं, आणि कानातल्या डुलासारखा गुंडाळलेल्या तारेवर लोंबणारा माईक. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याच्यासमोर हात जोडायचेच काय ते बाकी होते. आईने त्याच्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आला का जावई? आता पंखा त्याच्याकडे फिरवा. मी पान वाढते."

नाव पडलं ते कायमचं. शेजारची पद्माअक्का फाटकातून विचारायची, "काय गं, जावई बोलला का आज?"

अण्णा दिवसा पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात गिअर कापण्याच्या यंत्रांवर देखरेख करायचे आणि उरलेल्या वेळात आकाशात बोलायचे. त्यांचा छंद हौशी रेडिओचा. परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन, स्वतःच्या घरातून, स्वतःच्या एरियलवरून दुसऱ्या तशाच वेड्यांशी गप्पा मारणारी ही जमात. ते स्वतःला हॅम म्हणवतात. जावई यायच्या आधी आमच्याकडे होता तो अण्णांनी स्वतःच्या हाताने बांधलेला संच. पत्र्याच्या पेटीत बसवलेला, तापला की डोशाच्या तव्यासारखा वास येणारा, आणि एकपत्नीव्रती. म्हणजे त्यात एकच स्फटिक आणि म्हणून एकच वाहिनी. त्याची ताकदही बेताची. अण्णा त्याला प्रेमाने म्हातारा म्हणत.

जावयाचं सगळंच निराळं. अण्णांच्या सिंगापूरच्या मावसभावाने तो रीतसर परवानग्या काढून आणला होता, आणि सोबत त्याचं माहितीपुस्तक. त्या पुस्तकाची आमच्या घरी पोथी झाली. संध्याकाळी आई कोसंबरीसाठी काकडी कोचते आहे, कुकर शिट्ट्या मारतो आहे, फिल्टरमधून कॉफी थेंबथेंब उतरते आहे, आणि अण्णा पाटावर बसून एकेक वैशिष्ट्य वाचून त्याचं मराठीत निरूपण करताहेत, असं दृश्य महिनाभर तरी रोज होतं. मराठी म्हणजे आमचं मराठी. आमचे पूर्वज इकडे इतक्या पिढ्यांपूर्वी आले की पुण्याचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून आधी हसत आणि मग विचारत, "म्हणजे नक्की कधी?"

"ऐका," अण्णा म्हणायचे. "हा संच बारा व्होल्टवर चालतो. म्हणजे गाडीच्या बॅटरीवरही चालतो, घरातही चालतो. गाडीत एक कंस बसवायचा. खटका दाबला की संच कंसातून सुटतो, काखेत घ्यायचा, घरी आणून टेबलावर ठेवायचा. सरी?"

"सरी, बरं," आई म्हणायची. "म्हणजे आता गाडीतही तुम्ही माझ्याशी बोलणार नाही."

दुसऱ्या संध्याकाळी स्क्वेल्च. समोर कुणी बोलत नसेल तेव्हा हा संच खरखर न करता गप्प राहतो, आणि कुणी बोलू लागलं तरच तोंड उघडतो. आईने सुरी खाली ठेवली. "हे वैशिष्ट्य फक्त रेडिओतच मिळतं का हो?" तिसऱ्या संध्याकाळी स्कॅनिंग: संच आपला आपण सगळ्या वाहिन्यांवरून फिरत राहतो आणि जिथे गप्पा चालू असतील तिथे थांबून ऐकतो. "पद्माअक्का," मी आणि आई एकदम म्हणालो. त्याची स्मृती कितीतरी वाहिन्या लक्षात ठेवायची. त्याच्या माईकवरच बटणं होती, गाडी चालवताना रस्त्यावरून नजर काढायला नको म्हणून. आणि शक्तीच्या पायऱ्या होत्या, जवळच्यासाठी कमी, लांबच्यासाठी जास्त. अण्णा कायम जास्तीवर. पलीकडच्या गल्लीतल्या मित्राशीही.

एकाच वैशिष्ट्यावरून पोथीत विघ्न आलं. कुणी माईकचं बटण फार वेळ दाबून ठेवलं, तर संच आपोआप त्याचं बोलणं बंद पाडायचा. टायमर. पहिल्या आठवड्यातच अण्णा म्हैसूरच्या मित्राला गिअरच्या दात्यांविषयी काहीतरी गहन सांगत असताना जावयाने 'टूं' केलं आणि गप्प झाला. अण्णांचा चेहरा असा झाला, जणू भर पंक्तीत कुणी पान उचललं असावं. "मला? माझ्या घरात? मला गप्प बसवतो?" त्यांनी पोथी उघडली, तीन बटणं एकदम दाबली आणि टायमर कायमचा बंद करून टाकला. गप्पिष्ट माणसाने केलेली ही दुरुस्ती ध्यानात असू द्या. पुढे तिने रस्त्यावर हत्ती असताना घात केला.

मीही तोवर परवानाधारक झाले होते. मोर्स लिपीची कट्टकड मी जेवताना शिकले. स्टीलच्या लोट्यावर चमच्याने अण्णा वाजवायचे, मी वाजवून उत्तर द्यायचे. 'सारात मीठ जास्त आहे' हे आम्ही आईदेखत बोलू शकत होतो, आणि तिच्या एका कटाक्षावरून मला आजही वाटतं की तिला ते सगळं कळत होतं. हॅम लोकांची रीत अशी की बाई कुठल्याही वयाची असो, तिला यंग लेडी म्हणायचं. बायकोला मात्र एक्स-यंग लेडी. अण्णांनी हे एकदाच आईला सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायची वेळ त्यांच्यावर आली नाही. त्या दिवशी रात्रीचं जेवण कालच्या भाताचं होतं.

माझा आवाज चांगला होता. हे मी आज पन्नाशीत निर्लज्जपणे सांगते, कारण तो अजूनही चांगला आहे आणि इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुलावर अडकले की मी गाडीत एकटीच त्याचा वापर करते. रेडिओवर माझा शब्द न् शब्द सुटा ऐकू यायचा. आणि मला हवी होती एकच गोष्ट: कंट्रोलची खुर्ची.

ती काय चीज होती, हे सांगायला हवं. शहराबाहेरच्या डोंगराळ रस्त्यांवर मोटारींची रॅली असली की आमचा क्लब तिथे संदेशवहनाचं काम करायचा. मोबाईल फोन तेव्हा कुणाकडे नव्हते, खेड्यांत साधे फोनही क्वचित. वाटेवरच्या प्रत्येक चौकीवर एकेक हॅम आपापला संच घेऊन बसायचा आणि मध्यभागी एका खुर्चीवर कंट्रोल. कंट्रोलने विचारलं तरच बोलायचं, कंट्रोल म्हणेल ते करायचं. वीस-पंचवीस मिशाळ पुरुष आणि त्यांच्यावर एक आवाज. त्या खुर्चीवर बसायचे क्लबचे अध्यक्ष मूर्तीसर. मी दोन रॅलींत त्यांच्याकडे खुर्ची मागितली. दोन्ही वेळा ते स्वतःच्या पोटावरून हात फिरवत म्हणाले, "अम्मा, आवाज छान आहे. पण कंट्रोल म्हणजे स्वल्प, थोडंसं वजन पाहिजे."

तिसऱ्या रॅलीत ती मला मिळाली, तीही उधारीवर. कनकपुरा रस्त्यावरच्या एका छत्रात, म्हणजे आपल्या मंगल कार्यालयात, वरच्या मजल्यावर आमची कंट्रोल रूम होती. टेबलावर अण्णांचा म्हातारा, गच्चीवर एरियल. खाली हॉलमध्ये कुणाचंतरी खरोखरचं लग्न चाललं होतं. नादस्वराचे सूर आणि तुपात परतलेल्या काजूंचा वास जिन्यावरून वर येत होता. दहाच्या सुमाराला रॅलीचे प्रमुख पाहुणे आले आणि त्यांचं स्वागत करायला मूर्तीसरांना उठावं लागलं. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खोलीत माझ्याखेरीज कुणी नव्हतं. "अर्धा तास," ते म्हणाले. "काही गडबड नको. आणि काही झालं तरी खुर्ची सोडायची नाही. गडबड झाली तर पुन्हा मागू नकोस." हातातला छोटा संच घेऊन ते खाली गेले.

मी बसले. खुर्ची लाकडी होती, एक पाय आखूड होता. मला ती म्हैसूरच्या सिंहासनासारखी वाटली. मी चौक्यांना एकेक करून हाक घातली, एकेकजण उत्तर देत गेला, आणि सगळं रेशमासारखं सुरळीत चाललं. अण्णा तेव्हा फियाटमध्ये जावयाला बसवून चौक्यांवर खाण्याचे डबे पोचवत फिरत होते, शेजारी आई. चित्रान्नाचं, लिंबाच्या फोडणीच्या भाताचं, मोठं पातेलं तिने पहाटे उठून केलं होतं.

आणि मग दुसऱ्या चौकीवरचा थॉमस ओरडला, "कंट्रोल, कंट्रोल! माझ्या अलीकडच्या वळणावर हत्ती आलेत. पिल्लू आहे सोबत. रस्त्यातच उभे आहेत. पुढची गाडी सोडू नका!"

चित्र डोळ्यांपुढे आणा. त्या बाजूच्या जंगलातून हत्ती येतात, त्यात नवल नाही. पण वळण आंधळं. गाड्या सुटत होत्या सुरुवातीच्या चौकीवरून, ठरावीक अंतराने, पूर्ण वेगाने. थॉमस हत्तींच्या पलीकडे. त्याला गाडी थांबवता येणं शक्य नव्हतं आणि त्याच्या दुबळ्या संचाचा आवाज सुरुवातीच्या चौकीपर्यंत पोचत नव्हता. पोचवायचं होतं मी. मी माईक उचलला, बटण दाबणार एवढ्यात म्हाताऱ्याच्या कर्ण्यातून, ठणठणीत, खणखणीत, माझी आई बोलली:

"अहो, हे वांगं बघा. अर्धं किडकं. सुम्ने, उगाच गोड बोलून गळ्यात मारलं त्या बाईने."

मी बटण दाबलं. "सर्व चौक्यांनो, कंट्रोल बोलते आहे—" सोडलं. आई अजून वांग्यांवरच. रेडिओचा नियम सरळ आहे: दोघं एकदम बोलली तर ज्याची ताकद मोठी त्याचाच आवाज लोकांना ऐकू जातो. म्हातारा म्हणजे कंदील, जावई म्हणजे सर्चलाईट. जावयाच्या माईकचं बटण कशाखाली तरी दबलं होतं, आणि बोलणारा संच ऐकत नाही, म्हणून त्या दोघांना आमची हाक कळत नव्हती; अण्णांनी त्याला जास्ती शक्तीवर ठेवलं होतं, आणि अशा वेळी बोलणं आपोआप तोडणारा टायमर कुणी बंद केला होता ते तुम्हाला ठाऊकच आहे. आज कुणी म्हणेल, दुसऱ्या वाहिनीवर जायचं! पण निम्म्या चौक्यांवर म्हाताऱ्याचीच भावंडं, सगळी एकपत्नीव्रती. आणि चला असं सांगायचं तरी कशावरून? संपूर्ण आकाश आईने व्यापलं होतं.

"सुमी तिकडे वर एकटी बसली आहे," आई म्हणाली. "चित्रान्न तरी नेऊन द्या पोरीला."

"नको," अण्णांचा आवाज. "मी आत्ता वर गेलो तर मूर्ती म्हणेल, बापाने शिकवलं. तिचं तिला करू दे."

"तो तुमचा मूर्ती! नुसता बूदगुंबळकाई. दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगायच्या कामाचा."

बूदगुंबळकाई म्हणजे कोहळा. बंगळूरमध्ये नव्या घराच्या, दुकानाच्या दारावर दोरीने टांगलेला दिसतो तोच. आईचं बाकीचं बोलणं मराठीत होतं; आम्हा हॅमचं चालायचं ते कन्नड-इंग्रजीत, त्यामुळे सगळ्या चौक्यांवर मिळून ते समजणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पण 'मूर्ती' आणि 'बूदगुंबळकाई' हे दोन शब्द एका दमात ऐकल्यावर समजायचं काय राहिलं? आणि मूर्तीसर खाली, प्रमुख पाहुण्यांशेजारी, हातात संच घेऊन उभे होते.

"अगं, हळू," अण्णा म्हणाले.

"हळू कशाला? इथे कोण ऐकतंय?"

गाडीचं दार कुरकुरलं. मग अण्णा, एकदम वेगळ्याच आवाजात: "मघाशी तिने चौक्यांना हाका घातल्या ते ऐकलंस? मी एवढी वर्षं बोलतोय, पण माझं बोलणं असं कान देऊन कुणी ऐकत नाही. माझ्यापेक्षा चांगली ऑपरेटर आहे ती. कितीतरी चांगली. तिला सांगू नकोस हं. डोक्यावर बसेल."

असं वाक्य बापाच्या तोंडून ऐकायला मुली जन्मभर थांबतात. माझ्या वाट्याला ते आलं तेव्हा रस्त्यावर हत्ती उभे होते आणि मला रडायलाही सवड नव्हती.

तेवढ्यात खाली मुहूर्त गाठला. नवरा मंगळसूत्र बांधतो त्या क्षणी भटजी बोट उंचावतात आणि नादस्वर, डोलू, झांजा सगळे एकदम जीव तोडून वाजवू लागतात, बाहेरचा कुठलाही अशुभ शब्द कानावर पडू नये म्हणून. इकडे त्याला गट्टिमेळ म्हणतात. तो कल्लोळ जिन्यावरून वर आला, माझ्या उजव्या कानात शिरला. आणि तोच कल्लोळ, तीच झांज, तोच ठोका, म्हाताऱ्याच्या कर्ण्यातून डाव्या कानात!

मी खिडकीशी धावले. छत्राच्या मागे, आचाऱ्यांच्या शेडपलीकडे, फणसाच्या झाडाच्या सावलीत आमची दुधी रंगाची फियाट. दारं सताड उघडी. आई-बाप शेजारी शेजारी बसून चित्रान्न खाताहेत.

खुर्ची सोडायची नाही, असं बजावलं होतं. मी खुर्चीकडे एकदा पाहिलं. मान राखून तिथे बसून राहिले असते तर कुणी मला काही म्हणालं नसतं. चूक जावयाची होती. मी जिन्याकडे पळाले. मागच्या अंगणाची वाट हॉलमधूनच होती, आणि हॉल उभा राहून अक्षता टाकत होता. मी वधूच्या मामांच्या आणि वराच्या आत्याच्या मधून, नादस्वर-डोलूच्या त्या गदारोळातून, केसांत अक्षता घेऊन धावले. एक आजी म्हणाली, "अय्यो, पोरगी पळून चालली!" वधू तर जागच्या जागी बसली होती, त्यामुळे क्षणभर सगळ्यांचा गोंधळ उडाला असणार.

अण्णांनी मला पाहून घास तसाच धरला. मी आत वाकले. पुढच्या दोन सीटांच्या मधोमध माईक, आणि माईकवर मांडी ठोकून बसलेलं चित्रान्नाचं पातेलं. केशरी खिडकीत 'बोलतो आहे' असं सांगणारा लाल ठिपका. मी पातेलं आईच्या मांडीवर ढकललं, माईक ओढून काढला आणि बटण दाबलं.

"सर्व चौक्यांनो, कंट्रोल बोलते आहे. सुरुवातीची चौकी, गाड्या थांबवा. दुसऱ्या चौकीच्या अलीकडे रस्त्यावर हत्ती आहेत. थांबवल्याचं कळवा."

मग सुरुवातीच्या चौकीवरून अब्दुलभाईंचा आवाज: "कंट्रोल, थांबवल्या. एक रेषेवर होती, तिचं बॉनेट धरून उभा आहे मी. आणि कंट्रोल, तुमचा आवाज एकदम जोरात येतोय. अक्कांना सांगा, चित्रान्न इकडेही पाठवा."

आईने हातातला घास खाली ठेवला. "ऐकलं? कुणी ऐकलं?"

"सगळ्यांनी," मी म्हटलं.

"सगळं?"

"कोहळ्यासकट."

अण्णा जावयाकडे बघत पुटपुटले, "टायमर."

आणि तेवढ्यात अंगणाच्या कोपऱ्यावर मूर्तीसर उगवले. घामाघूम, हातातला संच छातीशी धरलेला. ते वर जाऊन आले होते. त्यांनी आईकडे पाहिलं नाही, अण्णांकडे पाहिलं नाही. मला म्हणाले, "खुर्ची रिकामी आहे."

हातात माईक होता, आणि हातात माईक असला की माझ्या अंगात कोण येतं कुणास ठाऊक. "सर," मी म्हटलं, "खुर्ची वर आहे. कंट्रोल इथे आहे."

ते काही बोलणार इतक्यात जावई बोलला. थॉमस हाक मारत होता. मी मूर्तीसरांकडे पाठ फिरवली आणि उत्तर दिलं. मग तिसरी चौकी, मग चौथी. हत्ती कुठे आहेत, रॅलीचे डॉक्टर कुठे उभे आहेत, थांबवलेल्या गाड्यांचा वेळ कसा धरायचा. एकेकाला विचारत गेले, एकेकाला सांगत गेले. किती वेळ गेला ते कळलं नाही. शेवटी थॉमस म्हणाला, "कंट्रोल, मोठी बाई पिल्लाला ढुशी देत पलीकडे घेऊन गेली. रस्ता मोकळा." मी खात्री करून घेतली, पुन्हा एकदा करून घेतली, आणि गाड्या सोडायला सांगितलं.

मागे वळले तेव्हा मूर्तीसर फणसाच्या बुंध्याशी टेकून उभे होते. ते अण्णांना म्हणाले, "हा संच वर न्या. कंट्रोलला तोच लागेल." अण्णांनी खटका दाबला, जावई कंसातून सुटला, काखेत बसला. माझे वडील वरातीतल्या माणसासारखे ताठ चालत तो वर घेऊन गेले. मागून बॅटरी उचलून आई. पाच मिनिटांत म्हातारा बाजूला आणि जावई टेबलावर बोलायला तयार. खुर्ची रिकामी होती. मूर्तीसर तिच्यापर्यंत गेले, तिचा आखूड पाय वर्तमानपत्राची घडी घालून सारखा केला, आणि स्वतः जाऊन भिंतीकडेच्या बाकावर बसले. अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता.

मी बसले. दुपार होत आली. खाली पंगती बसल्या होत्या. केळीच्या पानांवर पडणाऱ्या सांबाराचा आणि गरम जिलबीचा वास खोलीभर झाला होता. आणि तेव्हा जावयातून आवाज आला. मूर्तीसरांचा. मी चमकून पाहिलं, तर ते माझ्यापासून हातभर अंतरावर, त्या बाकावरच होते. हातातला छोटा संच त्यांनी तोंडाशी धरला होता. त्यांना माझ्या खांद्यावर नुसतं बोट लावून सांगता आलं असतं. पण आमच्यात रीत आहे: जाळ्यातलं, म्हणजे कंट्रोलशी एका वाहिनीवर जोडलेलं, कुठलंही स्टेशन, मग ते कुणाचंही असो, कंट्रोलला विचारल्याशिवाय जाळं सोडत नाही. आणि ते विचारतं हवेतून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"कंट्रोल," मूर्तीसर अगदी गंभीरपणे म्हणाले, "अध्यक्षांचं स्टेशन. जेवायला जायचं आहे. जाळं सोडायची परवानगी मिळावी."

सगळ्या चौक्या ऐकत होत्या. दारात अण्णा उभे होते, त्यांच्यामागे आई. मी माईक उचलला. मूर्तीसरांच्या पोटाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, थोडा विचार केल्यासारखं केलं, आणि माझ्या सर्वांत सुट्या, स्वच्छ आवाजात म्हणाले,

"थांबा."

आणि ते थांबले.